मस्टँग घ्या, पण आधी चाकाचे नट मोजा

प्रश्न : मी ओहायोत, कोलंबसला राहतो. वय ४३. पुण्यात कॉलेजला असताना खोलीच्या भिंतीवर फोर्ड मस्टँगचं पोस्टर होतं. आता ती गाडी घ्यायची ऐपत आली आहे. क्लीव्हलँडजवळ एकाकडे १९६७ची लाल मस्टँग हार्डटॉप विकायला आहे. जाहिरातीत लिहिलंय : ‘२८९ व्ही-८, ऑटोमॅटिक, मॅचिंग नंबर्स, फ्रेम-ऑफ रिस्टोरेशन, कॅलिफोर्नियाची गाडी, गंज नाही.’ किंमत ३३,५०० डॉलर. फोटोत तर नजर ठरत नाही. दारावरच्या प्लेटचा फोटो मागवला होता, तो सोबत पाठवतो. मालक म्हणतो, शनिवारी दुसरं गिऱ्हाईक येतंय; १,००० डॉलर पाठवले तर गाडी तुमच्यासाठी ठेवतो. गाडीचा इतिहास सांगणाऱ्या कारफॅक्सवर नंबर टाकून पाहिला, तो घेतच नाही. बायकोचा ठाम विरोध आहे, आठ आणि पाच वर्षांच्या मुलांना असल्या गाडीत बसवणार नाही म्हणते. पुढेमागे पुण्याला परतलो तर गाडी नेता येईल का? आणि मुख्य म्हणजे, बघायला जाताना नेमकं काय बघू? मला इंजिनातलं फारसं कळत नाही.
— स. दे., कोलंबस

उत्तर : इंजिनातलं कळत नाही म्हणून काही अडत नाही. साठच्या दशकातल्या मस्टँगमध्ये इंजिन ही सगळ्यात सहज निस्तरता येणारी गोष्ट आहे. काही हजार डॉलर मोजले की नव्याने बांधलेलं इंजिन मिळतं, दोन दिवसांत बसतं. पैसा खातो तो पत्रा. आणि पत्रा तपासायला इंजिनीअर असावं लागत नाही. अंगावरचे कपडे खराब झाले तरी चालतील एवढीच तयारी लागते.

पण पत्र्याकडे नंतर येतो, कारण तुम्ही पाठवलेला प्लेटचा फोटोच आधी बोलतो आहे.

त्या प्लेटवरचा नंबर ‘७आर०१टी’ असा सुरू होतो. ७ म्हणजे १९६७चं मॉडेल. आर म्हणजे सॅन होझेचा कारखाना. त्या काळी मस्टँग तीन ठिकाणी बनायची. डिअरबॉर्नच्या गाडीला एफ, न्यू जर्सीतल्या मटचनच्या गाडीला टी आणि सॅन होझेच्या गाडीला आर. (हा कारखाना खरं तर शेजारच्या मिलपिटासमध्ये होता. बे एरियातली आपली मंडळी ज्या ग्रेट मॉलमध्ये दिवाळीच्या खरेदीला जातात, तीच ती इमारत.) ०१ म्हणजे हार्डटॉप, पक्क्या छताची. फास्टबॅक (छत मागे थेट उतरत जाणारी) असती तर ०२, कन्व्हर्टिबल असती तर ०३. इथपर्यंत सगळं जुळतं.

आता पाचवी खूण बघा. टी. या जागी येणारं अक्षर कारखान्याचं नसतं, इंजिनाचं असतं, आणि १९६७च्या मस्टँगमध्ये इंजिनाचा टी म्हणजे २०० घनइंचाचं, एका ओळीतल्या सहा सिलिंडरचं, १२० अश्वशक्तीचं इंजिन. २८९ घनइंचाची, आठ सिलिंडरची व्ही-८ असती तर तिथे सी किंवा ए दिसला असता. २७१ अश्वशक्तीचं खास इंजिन असतं तर के. म्हणजे ही गाडी कारखान्यातून सहा सिलिंडरची निघाली आणि व्ही-८ नंतर कुणीतरी बसवलं. मालकाला हे ठाऊक नसेलही. अशा गाड्यांचे चार-पाच मालक होऊन गेलेले असतात आणि प्रत्येक जण आधीच्याने सांगितलेलं पुढच्याला सांगतो. पण जाहिरातीतले ‘मॅचिंग नंबर्स’, म्हणजे गाडीत तिचं कारखान्यातलंच मूळ इंजिन आहे, हे शब्द इथेच निकालात निघाले.

तसे ते कुठल्याही साध्या १९६७च्या मस्टँगला लावता येत नाहीत. कॉर्व्हेटसारख्या गाड्यांत इंजिनाच्या ब्लॉकवर गाडीच्या नंबरचा काही भाग ठोकलेला असतो, तो चेसिसशी ताडून बघता येतो. फोर्डने ब्लॉकवर गाडीचा नंबर ठोकायला १९६८च्या मॉडेलपासून सुरुवात केली. त्याआधी फक्त के इंजिनवाल्या मस्टँगवर तो असायचा. तेव्हा १९६७ची सी कोडची गाडी असली तरी फार तर एवढंच म्हणता येतं, की इंजिनावरची ओतकामाची तारीख गाडीच्या जन्मतारखेच्या थोडी आधीची आहे. त्याहून जास्त कुणी सांगत असेल तर त्याला गाडी कळत नाही किंवा तुम्हाला कळत नाही असं तो धरून चालला आहे.

‘फ्रेम-ऑफ’चीही तीच गत. फ्रेम-ऑफ म्हणजे बॉडी उचलून चेसिसच्या सांगाड्यापासून वेगळी करायची आणि दोन्ही स्वतंत्र साफ करून पुन्हा जोडायची. शेव्हरोलेच्या त्या काळच्या इम्पालाला हे करता येतं, पिकअप ट्रकला करता येतं. मस्टँगला वेगळा सांगाडाच नाही. तिचा तळाचा पत्रा, त्याला जोडलेल्या पोकळ पट्ट्या आणि बाजूच्या भिंती मिळून एकच तुकडा असतो. जी गोष्ट गाडीत नाही ती उतरवली कशी? मस्टँगचं सखोल काम करतात तेव्हा अख्खी बॉडी मोठ्या फिरत्या स्टँडवर आडवी लावतात आणि खालून-वरून काम करतात. त्या कामाचे फोटो कुणीही जपून ठेवतो, कारण त्यात खूप पैसा जातो. मालकाकडे ते मागा. तळाचा पत्रा उघडा असलेला एकही फोटो नसेल तर रिस्टोरेशन म्हणजे वरून दिलेला रंग, एवढंच समजा.

तर प्लेटवरून आणि जाहिरातीवरून माझं मत असं : हजार डॉलर पाठवू नका. शनिवारचं गिऱ्हाईक खरं असेल तर ते घेऊन जाईल, जाऊ द्या. १९६७मध्ये ४,७२,१२१ मस्टँग बनल्या, त्यातल्या ३,५६,२७१ हार्डटॉप. अशी गाडी पुन्हा मिळणार नाही असं होत नाही. ओहायोच्या आसपास याच वर्षाच्या याच प्रकारच्या दोन-तीन गाड्या कोणत्याही महिन्यात विकायला असतात. आगाऊ रक्कम द्यायचीच झाली तर गाडी तपासल्यावर, लेखी, आणि तपासणीत नापसंत ठरली तर परत, या अटीवर. फोनवरून झटकन पाठवलेले पैसे परत मिळवणं फार अवघड असतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं करू नका.

याचा अर्थ गाडी वाईट आहे असा नाही. सहाची आठ केलेली मस्टँग ही चालवायला झकास गाडी असू शकते, आणि तुम्हाला ती प्रदर्शनात मांडायची नाही, रविवारी चालवायची आहे. फक्त ती किती नीट केली आहे ते बघावं लागेल. इथेच चाकाचे नट येतात. सहा सिलिंडरच्या मस्टँगची चाकं चार नटांची असायची, व्ही-८ची पाच नटांची. फोटोत चाकावर मोठी कॅप आहे, नट दिसत नाहीत. मालकाला कॅप काढायला लावा आणि मोजा, पुढे आणि मागे दोन्हीकडे. पाच असतील तर काम करणाऱ्याने पुढचे हब, ब्रेक आणि मागचा अॅक्सल बदलला आहे, चांगली खूण. चार असतील तर नुसतं जड आणि ताकदवान इंजिन बसवून दिलंय. खाली ब्रेक सहावाल्या गाडीचे नऊ इंची ड्रम आणि मागे तिचाच हलका अॅक्सल. अशी गाडी मी घरी न्यायला सांगणार नाही, निदान तो खर्च किमतीतून वजा झाल्याशिवाय. पुढे पाच आणि मागे चार असाही प्रकार दिसतो. ते अर्धवट सोडलेलं काम.

इंजिन कोणतं आहे तेही एकदा बघा. २८९ आणि नंतरचं ३०२ बाहेरून जुळी भावंडं आहेत, आणि विकताना ३०२ला २८९ म्हणणं सर्रास चालतं. ब्लॉकच्या उजव्या अंगाला, स्टार्टरच्या वर, ओतीव अक्षरात एक नंबर असतो. मोबाईल खाली धरून फोटो काढा. पहिलं अक्षर दशक सांगतं : सी म्हणजे साठचं, डी म्हणजे सत्तरचं. त्यापुढचा आकडा वर्ष. ‘सी६’ने सुरू होत असेल तर २८९ असण्याची शक्यता दाट, ‘सी८’ किंवा ‘डी’ असेल तर बहुधा ३०२. चालवायला ३०२मध्ये काहीच कमी नाही. प्रश्न फक्त मालक बाकीचं किती खरं सांगतोय हा.

आता ‘कॅलिफोर्नियाची गाडी’. सॅन होझेला जन्म झाला हे खरं. पण गेली अठ्ठावन्न-एकोणसाठ वर्षं ती कुठे होती? ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि त्या मिठाचे दहा हिवाळे पुरतात. जुन्या नोंदणीचे कागद, विम्याच्या पावत्या, कॅलिफोर्नियाची काळी-पिवळी नंबरप्लेट, काहीतरी दाखवायला सांगा. शिवाय १९६७पासूनच्या गाड्यांच्या उत्पादनाच्या नोंदी फोर्डने केविन मार्टी यांच्या संस्थेला दिलेल्या आहेत. थोडे डॉलर भरले की तुमच्या नंबरची गाडी कोणत्या रंगात, कोणत्या इंजिनासह बनली आणि कोणत्या डीलरकडे गेली याचा अहवाल मिळतो. त्याला मार्टी रिपोर्ट म्हणतात. कारफॅक्सचं दुःख करू नका. १९८१च्या आधी सतरा अक्षरी नंबरच नव्हता, त्यामुळे तिथे जुन्या गाड्यांचं काही मिळत नाही.

प्लेटवर रंगाच्या जागी एम आहे, म्हणजे विम्बल्डन व्हाइट. गाडी जन्माला पांढरी होती. लाल रंग कुणाला आवडला म्हणून दिला असेल, त्यात गैर काही नाही. पण डॅशबोर्डच्या खाली, डिकीच्या झाकणाच्या आतल्या घड्यांत, दाराच्या रबरामागे बघा. तिथे पांढरा दिसला तर रंग बाहेरून बाहेरून मारलेला. तिथेही लाल असेल तर कुणीतरी जीव ओतून काम केलं आहे.

एक लक्षात ठेवा : दारावरची प्लेट कोऱ्या पत्र्यावर हवी तशी छापून मिळते, रिपिटसकट. खरा नंबर बॉनेट उघडल्यावर डाव्या बाजूच्या आतल्या पत्र्याच्या कडेवर ठोकलेला असतो; मडगार्डच्या कडेला तिथे मुद्दाम खाच ठेवलेली असते. तो नंबर, प्लेटवरचा नंबर आणि टायटलवरचा (मालकीच्या कागदावरचा) नंबर, तिन्ही अक्षर न् अक्षर सारखे हवेत. ठोकलेल्या आकड्यांभोवती घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा असतील तर हात जोडा आणि घरी या.

आता पत्रा. या पिढीच्या मस्टँगचं सगळ्यात मोठं दुखणं पुढच्या काचेच्या खाली आहे. तिथे वायपरच्या पुढे जाळीसारख्या फटी दिसतात, त्याला काउल म्हणतात. त्या फटींतून हवा आत येते आणि पाऊसही. आत एक बंद पन्हळ आहे; पाणी तिथून दोन्ही टोकांना वाहून दाराच्या पुढे, मडगार्डच्या मागून खाली पडावं अशी योजना. केबिनमध्ये हवा येण्यासाठी त्या पन्हळीत दोन भोकं आहेत आणि पाणी आत शिरू नये म्हणून भोकांना उभे काठ. पाचोळा साचतो, ओल टिकते, काठ गंजून जातात आणि पाणी थेट पायाशी. उजव्या भोकातलं पाणी हीटरच्या डब्यात उतरतं, मग मालक सांगतो की हीटरचा कोअर गळतोय, पन्नास डॉलरचं काम. पन्नास डॉलरचं काम नसतं ते. तो पन्हळ दोन पत्रे एकमेकांवर वेल्ड करून बनवलेला आहे आणि वरून हात पोचत नाही. दुरुस्तीसाठी बॉनेट, दोन्ही मडगार्ड, वायपर काढून स्पॉट वेल्ड एकेक करून ड्रिलने फोडावे लागतात, नवा पत्रा बसवून परत वेल्ड, आणि मग रंग. पत्रा स्वस्त, मजुरीचे तास भरमसाठ.

तपासायची पद्धत अशी. मालकाला आधी विचारा. हो म्हणाला तर बरोबर एक मित्र आणि तांब्याभर, खरं तर मोठा जग भरून पाणी घेऊन जा. तुम्ही पुढच्या सीटच्या पायाशी पाठीवर आडवे व्हा, डोकं डॅशबोर्डच्या खाली, हातात टॉर्च. मित्राने वरून फटींत सावकाश पाणी ओतायचं, आधी डाव्या टोकाला, मग उजव्या, मध्ये थांबत. आत थेंब पडला, भिंतीवरून ओघळ आला, कार्पेटची कड ओली झाली, की झालं. बाहेर मडगार्डच्या मागून दोन्हीकडे पाणी खाली पडताना दिसलं पाहिजे. एका बाजूने पडलंच नाही तर ते आत कुठेतरी साचतंय. मालक पाण्याला नाही म्हणाला तर कार्पेट उचलू देतो का बघा. तेही नाही म्हणाला तर त्याने उत्तर दिलेलं आहे.

कार्पेट उचलाच. तळाच्या पत्र्यावर मी चक्क रस्त्यावरच्या पाटीचा तुकडा पॉप रिपिटने ठोकलेला पाहिला आहे, वर डांबरासारखा काळा थर आणि त्यावर कोरं कार्पेट. गाडी खालून बघायला लिफ्टवर चढवून घ्या. क्लीव्हलँडजवळच एखादा स्वतंत्र मेकॅनिक शोधा, ज्याचं रोजचं काम जुन्या फोर्डवर आहे. मस्टँग क्लब ऑफ अमेरिकाच्या स्थानिक शाखांतली माणसं नाव सुचवतात, कधी स्वतः येतात. मालकाच्या ओळखीचा मेकॅनिक नको. दोन-चारशे डॉलर जातील, ते वाचवण्याच्या भानगडीत पडू नका.

लिफ्टवर गाडीचा पुढचा भाग बघा : इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी मागे जाणाऱ्या पोकळ पट्ट्या, त्या तळाशी जोडतात तिथला चौकोनी खोका ज्याला टॉर्क बॉक्स म्हणतात, आणि मागे लीफ स्प्रिंग जिथे अडकतात ती जागा. बॅटरी पुढच्या उजव्या कोपऱ्यात असते, तिच्या खालचा पत्रा अॅसिडने हमखास खाल्लेला. सगळा तळ कालपरवा फवारल्यासारखा काळाकुळकुळीत दिसला तर आनंद मानू नका. त्या लेपाखाली काय आहे ते बोथट पेचकसाने टिचकी मारून ऐका. निरोगी पत्रा टणक वाजतो, सडका भद्द. मग वर येऊन बॉनेटखाली दोन्ही बाजूंचे उंच मनोरे बघा, ज्यांत पुढचे शॉक अॅब्सॉर्बर बसतात. वरच्या कंट्रोल आर्मच्या बोल्टभोवती तिथे चिरा पडतात, आणि तुमची गाडी तर मुळात हलक्या इंजिनासाठी बनलेली, ती आता पुढे जड झाली आहे. चिरेवर वेल्डिंगचा ओघळ दिसला तर मेकॅनिकला मुद्दाम दाखवा.

बाहेरच्या पत्र्यासाठी फ्रिजवरचा पातळ, कमी ताकदीचा मॅग्नेट न्या, रुमालात गुंडाळून, म्हणजे रंगाला ओरखडा पडणार नाही. आधी छतावर लावून तो किती घट्ट धरतो ते हाताला कळू द्या, मग मागच्या चाकांच्या कमानी, मागच्या पॅनलचा खालचा वीतभर भाग, दारांच्या खालच्या कडा आणि पुढच्या मडगार्डची चाकामागची जागा. मॅग्नेट घसरला तर खाली पुट्टी. थोडी पुट्टी एवढ्या जुन्या गाडीत असतेच, त्यावरून लगेच नाराज होऊ नका. बोटभर जाडीची नको. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळालं तर उत्तमच. एका दारावर १० आणि मागच्या पॅनलवर ६० मिल (इंचाचा हजारावा भाग) दाखवलं की आकडाच भांडतो, तुम्हाला भांडावं लागत नाही.

डिकीतला गालिचाही काढा. या मस्टँगमध्ये पेट्रोलची टाकी वेगळी टांगलेली नसते. टाकीचा वरचा पत्रा हीच डिकीची जमीन. कडेच्या स्क्रूभोवती गंज किंवा पेट्रोलचा वास असेल तर लिहून घ्या. ही टाकी आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे, ते खाली सांगतो.

इंजिनाचं थोडक्यात. मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा की गाडी सुरू करू नका, मी आल्यावरच. पोचल्यावर बॉनेट उघडून रेडिएटरच्या वरच्या पाइपाला हात लावा. गरम असेल तर का, ते विचारा. थंड इंजिन सुरू होताना निळसर धुराचा एक झोत आला आणि गेला तर व्हॉल्व्हचे सील म्हातारे झाले, चालेल. निळा धूर येतच राहिला तर तेल जळतंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर सिलिंडरमध्ये पाणी जातंय. मेकॅनिककडून सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्या. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्तीच्या पाऊण पटीहून खाली नको. गियरबॉक्सचं तेल लालसर असावं, तपकिरी आणि करपल्या वासाचं नको. मग गाडी वीसेक मिनिटं चालवा आणि शेवटी सिग्नलला उभी असल्यासारखी पाच-सात मिनिटं चालू ठेवून तापमानाचा काटा बघत बसा. ओडोमीटरकडे बघूच नका, पाचच आकडे आहेत, लाखानंतर शून्यावर येतो.

कागद. ओहायोत टायटलवर विकणाऱ्याची सही नोटरीसमोर व्हावी लागते आणि नवं टायटल काउंटीच्या क्लर्क ऑफ कोर्ट्सच्या टायटल ऑफिसात मिळतं. तेव्हा पैसे आणि टायटल यांची अदलाबदल तिथेच जाऊन करा म्हणजे कटकट नाही. टायटलवर विकणाऱ्याचंच नाव हवं. ‘आधीच्या मालकाने सही करून ठेवली आहे, तुमचं नाव टाका’ असं ऐकलंत तर उठा. विमा नेहमीच्या कंपनीकडे नेहमीसारखा काढू नका; जुन्या गाड्यांसाठी आधी ठरवलेल्या किमतीचा विमा मिळतो, त्यात गाडी गेली तर घसारा न धरता ठरलेली रक्कम देतात. मात्र गाडी बंद गॅरेजमध्ये ठेवणं आणि रोजच्या वापराला दुसरी गाडी असणं या अटी बहुधा असतात.

आता वहिनींचं म्हणणं. त्यांचं बरोबर आहे, आणि कारणं त्यांना वाटतात त्याहून जास्त आहेत. १९६७च्या मस्टँगमध्ये मागच्या सीटला फक्त कमरेचा पट्टा आहे. पाच वर्षांच्या मुलाची स्वतःच्या पट्ट्यांची सीट कमरेच्या पट्ट्यावर बसवता येते, पण वर बांधायचा पट्टा अडकवायला गाडीत जागा नाही. आठ वर्षांच्या मुलाच्या बूस्टरला खांद्यावरून येणारा पट्टा लागतोच, त्यामुळे तो तिथे चालणारच नाही. आणि मागच्या सीटच्या पाठीमागे, मघाशी सांगितलेली टाकी आणि मुलं यांच्यामध्ये, पुठ्ठ्यासारखी एक फळी आहे, बस्स. मागून धडक बसली तर काय, हे लिहायला नको. यावर इलाज आहेत : डिकी आणि केबिन यांच्यामध्ये लोखंडी पत्रा बसवण्याचे तयार संच मिळतात, तीन ठिकाणी अडकणारे पट्टे मागेही बसवून घेता येतात, पण ते बसवणारा माणूस जाणकार हवा. हे काम होईपर्यंत मुलं गाडीत नकोत, हे त्यांना आजच सांगून टाका. गाडी घेण्याची परवानगी मिळण्याची शक्यताही वाढेल. एक जमेची बाजू त्यांना जरूर सांगा. १९६६पर्यंतच्या मस्टँगमध्ये ब्रेकचं तेल एकाच नळीजोडणीत असायचं, एक गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक गेले; १९६७पासून पुढचे-मागचे वेगळे झाले.

पुण्याचं मनातून काढा. जुन्या गाड्यांच्या आयातीचे नियम बदलत असतात, पण आयात शुल्क आणि कर मिळून गाडीच्या किमतीहून जास्त होतात, वर डाव्या हाताच्या स्टिअरिंगची नोंदणी आहेच. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. परतायची वेळ आली तर इथे विकून मोकळे व्हा.

राहिली किंमत. तुम्ही ३३,५०० हा आकडा डोक्यात घेऊन बसला आहात, तो मालकाने मागितलेला आकडा आहे. बघायचे असतात ते प्रत्यक्षात विकल्या गेलेल्या गाड्यांचे आकडे : ब्रिंग अ ट्रेलर या लिलावाच्या साइटवर संपलेले लिलाव उघडा, हॅगर्टीची किंमतयादी उघडा, आणि तिथे १९६७ हार्डटॉप, टी कोड, असं शोधा. सी कोडच्या गाडीशी तुलना करू नका, फास्टबॅकशी तर मुळीच नको. तिला याहून कितीतरी जास्त भाव आहे. हॅगर्टीच्या यादीत अवस्थेनुसार १ ते ४ असे दर्जे असतात. विकणारा प्रत्येक जण आपली गाडी २मध्ये बसवतो, खरी बहुतेक ३मध्ये असते. तुम्ही ३ धरा. त्यातून काउल गळत असेल तर त्याचा खर्च, चाकं चार नटांची निघाली तर ब्रेक आणि अॅक्सलचा खर्च, आणि मागच्या पट्ट्यांचं-लोखंडी पत्र्याचं काम, हे मेकॅनिकने लिहून दिलेल्या आकड्यांनी वजा करा. जे उरेल तो आकडा कागदावर लिहून खिशात ठेवा आणि मालकाला एकदाच सांगा. त्याने नकार दिला तर त्याला तुमचा फोन नंबर देऊन या. शनिवारचं गिऱ्हाईक पुष्कळदा येत नाही, आणि ओहायोत नोव्हेंबर लागला की लाल मस्टँगचे मालक बरेच समजूतदार होतात.